पाचव्या गोळीचा गेटपास

८ जानेवारी २००७, सोमवार

आजपासून पुन्हा नोंदी. कारखान्यात चौतीस वर्षं रोज नोंदवही लिहिली. निवृत्तीनंतरच्या अडीच वर्षांत नोंदवण्यासारखं काही घडलं नाही. आजही नाही. पण सुशीला म्हणाली, "अहो, माझ्या फोडणीवर टिपणं काढण्यापेक्षा स्वतःचं काहीतरी लिहा." काल मी एवढंच म्हणालो होतो की मोहरी टाकल्यापासून तडतडेपर्यंत रोज वेगळा वेळ लागतो, म्हणजे तेलाचं तापमान हिच्या ताब्यात नाही. त्यावर तिने झारा दाखवला.

ही वही पुढेमागे कोणाच्या हाती पडली तर माहिती असावी. मी महिपती खळदकर. सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात चाचणी विभागात होतो. काम एकच: तयार मालातून मूठभर गोळ्या काढायच्या, झाडून पाहायच्या आणि सगळ्या मालावर पास किंवा नापास शिक्का मारायचा. आमच्या धंद्यातली गंमत अशी की जी गोळी तपासली ती संपली आणि जी पुढे गेली ती तपासलेली नाही. हे मी सुशीलाला लग्नानंतर महिन्याभरात सांगितलं होतं. ती म्हणाली, "बायकोचंही तसंच असतं."

मुलगा आनंद कॉम्प्युटरमध्ये. त्याने वाघोलीत हा फ्लॅट घेतला, आम्हाला कसबा पेठेतून उचलून इथे आणून ठेवलं आणि स्वतः अमेरिकेला गेला. दर रविवारी फोन करतो आणि पाणी येतं का विचारतो. येत नाही.

हॉलमध्ये माझी पाटी लावली आहे. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी दिलेली, शिसवी लाकडाची, वर गोळ्यांचा सगळा इतिहास सरसाने चिकटवलेला. पहिली गोळी गोल, शिशाची, लिमलेटएवढी. दुसरी लांबट, बुडाला पोकळ, म्हणजे झाडल्यावर बूड फुगून नळीच्या चरांत घट्ट बसते. तिसरी तांब्याच्या अंगरख्याची, नाक बोथट. चौथी टोकदार. पाचवी टोकदार आणि बुडाशीही निमुळती, कारण हवा गोळीला पुढून ढकलते तेवढीच मागूनही ओढते. ही पाचवी, ७.६२ची, माझी खास. माझं आयुष्य तिच्यात गेलं. नुसती गोळी बरं का, काडतूस नव्हे. लोक दोन्हीला गोळीच म्हणतात, ते चूक आहे.

पाचवीची जागा रिकामी आहे. सामान हलवताना पडली. सुशीलाला दहादा विचारलं. "शोधते," म्हणते.

११ जानेवारी

आज एक काम केलं. गच्चीवर चार काळ्या टाक्या आहेत. चोवीस बिऱ्हाडांना टँकरचं पाणी पुरवून वापरायचं, आणि टाकीत किती आहे ते पाहायला सेक्रेटरी बेडेकर झाकण काढून आत खडा टाकतात व आवाज ऐकतात. बँकेत अधिकारी होते म्हणे! मी ठरवलं, टाकीला बाहेरून पारदर्शक नळी लावायची, पातळी दिसेल. टँकर यायच्या आत दोन नंबरच्या रिकाम्या टाकीला कमरेच्या उंचीवर साडेसात मिलिमीटरच्या ड्रिल बिटने भोक पाडलं. हात थोडा तिरका गेला. मग सुशीला वर आली आणि म्हणाली, "बेडेकरांना विचारलंत?"

विचारलं नव्हतं. बेडेकर फलकावर लिहितील, मग आयुष्यभर जिन्यात लोक हसतील. भोकात लाकडी खुंटी ठोकली आणि सुशीलाला बजावलं, की कोणाला बोलायचं नाही. ती म्हणाली, "मी कशाला बोलू?"

२२ जानेवारी

बेडेकरांनी वास्तुशास्त्रवाला आणला. त्याने सांगितलं की टाक्यांचे आकडे चुकीच्या दिशेने टाकलेत, म्हणून टँकर उशिरा येतो. आकडे खोडून ईशान्येकडून उलटे टाकले. रंगाचा खर्च सोसायटीचा. टँकर आजही उशिराच आला.

२९ जानेवारी, सोमवार

घाईत लिहितोय, अक्षराबद्दल क्षमस्व.

सकाळी सुशीलाचे पापड राखायला गच्चीवर गेलो होतो. तीन नंबरच्या टाकीत कमरेच्या उंचीवर गोळी रुतलेली आहे! बूड चार मिलिमीटर बाहेर, टोक आत. ७.६२. अंधारात नुसतं बोट फिरवून ओळखेन. पाणी ठिपकतसुद्धा नाही, इतकी घट्ट.

कोणीतरी आमच्या सोसायटीवर गोळी झाडली आहे.

धावत खाली आलो. सुशीलाला सांगितलं. तिच्या हातातलं लाटणं खाली पडलं. "अहो, ती तशीच राहू द्या ना," म्हणाली. बिचारी घाबरली. मी म्हणालो, "घाबरू नकोस, मी आहे."

बेडेकर वर येऊन बघून गेले. म्हणाले, "आधी सभा घेऊ, मग घाबरू." संध्याकाळी सभा. मला एकमताने तांत्रिक चौकशी अधिकारी नेमलं. अडीच वर्षांनी कोणीतरी मला काही विचारलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

(माझं स्वतःचं भोक दोन नंबरच्या टाकीला आहे. ते कसं आहे हे पाहायला या गडबडीत वेळ झाला नाही.)

३१ जानेवारी

दिशा काढली. गोळीच्या बाहेर आलेल्या बुडावर वायरिंगच्या पाइपचा तुकडा चढवला आणि पलीकडून पाहिलं. पाइप किंचित वर रोखलेला. रेषा सरळ समोरच्या, आमच्याहून उंच बी बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीवरून जाते. तिथे भीमराव राहतात, यवतमाळचे, सणसवाडीच्या कारखान्यात फिटर. त्यांची मुलगी अपेक्षा एअर रायफलची नेमबाज आहे, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. १८ फेब्रुवारीला बालेवाडीला तिची राज्याच्या संघासाठी निवड चाचणी आहे.

अर्थात त्या पोरीचा काही संबंध नाही. तिचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा, डमरूसारखा कमरेत बारीक, वजन अर्धा ग्रॅम. माझी गोळी सव्वानऊ ग्रॅमच्या वर. रेषा बाल्कनीवरून जाते एवढंच. गोळी मागून कुठूनतरी आली. अहवालात दोन्ही गोष्टी लिहिल्या, रेषा पान एकवर आणि छर्र्याचा खुलासा पान चारवर.

२ फेब्रुवारी

बेडेकरांनी फक्त पान एक वाचलं. मोठ्याने. सभेत.

दुपारी चौकीतून हवालदार कोंडीराम आले. पक्कडीने गोळी उपसली आणि पुरावा म्हणून रुमालात बांधली. टाकीतून पिचकारी उडाली, थेट बेडेकरांच्या सदऱ्यावर. अर्ध्या टँकरचं पाणी गच्चीवरून जिन्यात. कोणी बोळा कोंबला, कोणी अंगठा. शेवटी बेडेकरबाईंनी गाजर आणलं आणि ते बरोबर बसलं.

तोवर कोंडीराम बी बिल्डिंगमध्ये जाऊन अपेक्षाची रायफल घेऊन आले. पोरगी मागून धावत आली. "काका, तुम्ही लिहिलं असं? सिरियसली?" मी म्हणालो, पान चार वाच. ती म्हणाली, "माझी ट्रायल सोळा दिवसांवर आहे." डोळ्यांत पाणी होतं पण पडू दिलं नाही.

रात्री सुशीला एवढंच म्हणाली, "आधी त्या पोरीची बंदूक सोडवा."

५ फेब्रुवारी

चौकीत गेलो. कोंडीरामांपुढे छर्रा ठेवला आणि गोळीतला आणि छर्र्यातला फरक समजावला. म्हणाले, "काका, मला बी दिसतंय की हा हरभरा हाय अन् तो खजूर. पर तक्रार सोसायटीच्या लेटरहेडवर हाय. कागदाला कागद पायजे. ही गोळी कुणी झाडली ते तुम्ही तज्ज्ञ म्हणून लिहून द्या, बंदूक नेऊ द्या." आणि चौकीकडून खुलाशाचं पत्र मिळाल्याशिवाय नेमबाजी संघटना अपेक्षाला चाचणीला उभं करणार नाही. संघटनेला निनावी फोन गेला होता. निनावी माणसाने शेवटी "कळावे" म्हटलं होतं, फलकावरच्या प्रत्येक सूचनेखाली असतं तसं, तेव्हा बेडेकरच.

म्हणजे १८ तारखेच्या आत मला झाडणारा शोधायचा आहे. गोळी भिंगाखाली पाहण्याची परवानगी मिळाली. उद्यापासून कामाला.

७ फेब्रुवारी

निरीक्षणं.

एक. गोळीवर पिळाच्या खुणा नाहीत. नळीतून गेलेल्या गोळीवर आतल्या पिळदार चरांचे तिरके ओरखडे उमटतातच. ते नसले तर गोळी नळीतून गेलीच नाही. हे शक्य नाही, सबब नळी गुळगुळीत असावी. गावठी.

शंका: गुळगुळीत नळीतून आलेल्या गोळीला पीळ मिळत नाही, ती स्वतःभोवती फिरत नाही, हवेत गटांगळ्या खाते आणि आडवी आपटते. ही तर टोकाने, शिस्तीत शिरली आहे. उत्तर अजून नाही.

दोन. अंगावर एका बाजूला पिवळट वाळलेला थर, सरसासारखा. पाणी लागू नये म्हणून लावलेलं परदेशी रसायन असावं.

तीन. वेग. ही गोळी सेकंदाला आठशेचाळीस मीटरने निघते. टाकीची भिंत म्हणजे तिला कागद. तरी ती भिंतीतच अडकली. सबब फार लांबून आली, पावणेचार किलोमीटर, दमून. तरीही जमत नाही. तीनदा हिशेब केला. शिरताना वेग जवळजवळ शून्य येतो. म्हणजे कोणी अंगठ्याने दाबून बसवावी तसा. हे हास्यास्पद आहे. चौथ्यांदा करतो.

तुलनेला माझी पाचवी गोळी हवी होती. सुशीलाला पुन्हा विचारलं. म्हणाली, "सापडली तर तुम्हालाच आधी सापडेल." बायकांचं बोलणं कळत नाही.

९ फेब्रुवारी

अपेक्षा आली होती. माझ्यावर रागावली आहे पण सायबर कॅफेतून वाघोलीचा उपग्रहातून काढलेला नकाशा छापून आणला. त्यावर पावणेचार किलोमीटरचं वर्तुळ काढलं. वर्तुळावर दोन मंगल कार्यालयं, एक दगडखाण आणि एक मारुतीचं देऊळ येतं. चौघांपैकी कोणी.

रायफल नाही, तर सराव कसा? सुशीलाने कुंच्याचा दांडा दिला. त्याच्या टोकावर काड्यापेटी उभी ठेवायची आणि पडू न देता दांडा खांद्याला लावून मिनिटभर उभं राहायचं. पोरगी तासभर उभी होती. सुशीला अधूनमधून तिच्या तोंडात डिंकाचा लाडू घालत होती, दांडा हलू न देता.

मी तिला शिकवलं. म्हटलं, गोळी सरळ जाते हा लोकांचा गैरसमज आहे. नळीतून सुटल्या क्षणापासून ती पडायला लागते. तुझा छर्रा दहा मीटरला पावणेदोन सेंटिमीटर पडतो. म्हणून नळी किंचित वर धरलेली असते. आडवी झाडलेली गोळी आणि त्याच वेळी हातातून सोडलेली गोळी, हवेचा विचार सोडला तर, एकदम जमिनीला लागतात. दोन सुपाऱ्या घेऊन टेबलावर दाखवलं. बेडेकर कसल्याशा सहीला आले होते, ते म्हणाले, "मग झाडायची कशाला?"

अपेक्षा हसली. बऱ्याच दिवसांनी.

१२ फेब्रुवारी

गाजर दोन दिवसांत मऊ पडतं. बेडेकरांनी बिऱ्हाडवार पाळी लावली आहे. फलकावर: "ज्यांची पाळी आहे त्यांनी गाजर स्वतः निवडून आणावे. मुळा चालणार नाही. प्रयोग झाला आहे." आज आमची पाळी. सुशीलाने गाजर दाबून बसवलं आणि पुटपुटली, "गोळी बरी बसली होती." मी म्हणालो, "गंमत वाटते का तुला? तिथे कोणी मेलं असतं." तिने पदराने तोंड पुसलं. हसत होती की काय, कळलं नाही.

मी आज अंघोळ करताना शीळ घालत होतो म्हणे. सुशीला म्हणाली. मला आठवत नाही.

झाडणारा अजून सापडलेला नाही. सहा दिवस राहिले. संशय दगडखाणीवर आहे, पण पुरावा शून्य. वेगासारखाच.

१४ फेब्रुवारी, बुधवार

हे लिहायला बसून अर्धा तास झाला.

आज चौकीत जायचं होतं, दगडखाणीचा अहवाल द्यायला. निघताना सुशीला म्हणाली, "तुमच्या पाटीचा गेटपास बरोबर घ्या." मी म्हणालो, त्याचं काय काम? म्हणाली, "तुम्ही तज्ज्ञ आहात हे कळायला नको?" मी नको म्हणत होतो, तिने पिशवीत घातलाच.

आमच्या कारखान्यातून टाचणीसुद्धा गेटपासाशिवाय बाहेर जात नाही. निरोपाच्या पाटीचाही गेटपास झाला होता: पाच नग, प्रत्येकाचं वजन, खाली सही आणि शिक्का. वजनं चिकटवण्याआधी मी स्वतः केली होती. माझी शेवटची नोंद ती.

कोंडीरामांनी अहवाल बाजूला ठेवला, गेटपास मात्र निवांत वाचला. मग खणातून एक गुलाबी चिठ्ठी काढली. सोनाराची. चौकीत तराजू नाही, म्हणून त्यांनी गोळी वाघोलीतल्या सोनाराकडे वजन करायला दिली होती. सोनाराने सवयीने आधी वरचा पिवळा सरस खरवडून काढला आणि मग वजन केलं.

गेटपास, नग पाच: ९.३१ ग्रॅम. सोनार: ९.३१ ग्रॅम.

एका साच्यातल्या दोन गोळ्यासुद्धा शंभरांश ग्रॅमपर्यंत जुळायला नशीब लागतं. हे मीच नव्या पोरांना चौतीस वर्षं सांगत आलो.

"काका," कोंडीराम हळूच म्हणाले, "तुमची पाचवी गोळी कुठं हाय?"

मी म्हणालो, सामान हलवताना हरवली. म्हणताना सगळं एकदम समजलं. पिळाच्या खुणा नाहीत. सरस. वेग शून्य. टाक्यांचे उलटे आकडे. जुनी दोन ती आताची तीन. तिरका हात. माझंच भोक, माझीच गोळी! अरे देवा. परीक्षेत नापास होणारा पोरगासुद्धा इतकं समोरचं उत्तर चुकवत नाही.

कोंडीराम भला माणूस. म्हणाले, "अज्ञात इसमाने झाडली म्हणून फाइल मिटवून टाकू. तुमचं नाव कुठं येत न्हाई. बंदूक आत्ता घेऊन जा."

मी विचारलं, आणि पोरीचं पत्र? म्हणाले, "मग पत्रात काय लिवू? अज्ञात हाय म्हटल्यावर ती न्हाई असं कसं म्हणता येईल?"

"उद्या सांगतो," म्हणालो आणि बाहेर पडलो. चालतच घरी आलो.

सुशीला ताट वाढत होती. तिने विचारलं, "सोनाराची चिठ्ठी मिळाली का?"

सोनाराचं नाव मी अजून काढलेलं नव्हतं.

मग ती बोलली. खुंटी दुसऱ्याच दिवशी निघाली होती. ती पापड घालायला वर गेली तर पाण्याची धार. बेडेकर जिन्यात. खाली येऊन हाताला येईल ते नेलं: बाटलीचं बूच, मेणबत्ती, हळकुंड. काही बसेना. शिवणाच्या डब्यात गोळी होती. पाटीवरून निखळल्यापासून ती कापड बेतताना वजन म्हणून ठेवायची. ती बसली. कोणी पाहिलं नाही, माझं हसं झालं नाही, विषय संपला, असं तिला वाटलं. मग ती गोळी मलाच सापडली.

"त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होते. पण तुम्ही जिना धावत उतरलात. अडीच वर्षांत तुम्ही पलंगावरूनसुद्धा असे उठला नव्हता." डाळ वाढता वाढता थांबली. "तुम्ही जेवायला लागलात हो. दुसरी पोळी मागायला लागलात. मला वाटलं, दोन दिवस खेळू देत. मग त्या पोरीची बंदूक गेली आणि माझं पाप झालं. तुमच्या तोंडावर सांगायचा धीर होईना. बाजारात कोंडीरामभाऊ भेटले, त्यांना म्हटलं, गोळी वजन करून बघा. म्हटलं, तुमचं तुम्हालाच कळू दे."

मला राग यायला हवा होता. आला नाही. लाज वाटली, आणि तिच्याबद्दल इतकं वाटलं की आज तिचं ताट मी वाढलं. दोन आठवडे या घरात खरा तपास एकटी तीच करत होती.

उद्याच्या सभेत हे सांगितलं तर काय होईल याची भीती वाटते. अज्ञात इसम हा शब्द डोक्यातून जात नाही. किती सोयीचा आहे.

१५ फेब्रुवारी

सकाळी चौकीत लिहून दिलं: "सदर गोळी कोणत्याही शस्त्रातून झाडली गेलेली नाही. भोक मी पाडले. गोळी माझ्या मालकीची असून ती गळती थांबवण्यासाठी माझ्या घरातून बसवण्यात आली. कु. अपेक्षा हिचा कसलाही संबंध नाही. माझा पहिला अहवाल चुकीचा होता." चौतीस वर्षांत स्वतःच्या अहवालावर नापास लिहायची वेळ आली नव्हती. आज लिहिलं. कोंडीरामांनी दोनदा वाचलं आणि चहा मागवला. रायफल आणि पत्र मी स्वतः अपेक्षाच्या घरी पोचवलं.

संध्याकाळी सभेत तेच वाचून दाखवलं. भोक माझं, गोळी माझी, मूर्खपणा माझा. सुशीलाचं नाव घेतलं नाही. "घरातून" एवढंच म्हटलं. लोक हसले. खूप हसले. बेडेकर म्हणाले, "खळदकर, म्हणजे आमच्यावर हल्ला झाला नाही? मी साताऱ्याला मेहुण्याला कळवलं होतं." त्यांची खरीच निराशा झालेली दिसली.

मी त्यांना सर्वांसमोर म्हणालो, संघटनेला फोन करणाऱ्यानेही पुन्हा फोन करून खुलासा करावा. कळावे. ते खाली बघायला लागले. रात्री त्यांनी फोन केला म्हणे.

भीमराव उठून माझ्याकडे आले. मला वाटलं आता मारतात. म्हणाले, "पोरीचे तेरा दिवस गेले, काका." मी म्हणालो, हो, माझ्यामुळे गेले. ते माझा हात दाबून गेले.

१८ फेब्रुवारी, रविवार

बालेवाडी. सुशीला आणि मीही गेलो, मागच्या रांगेत बसलो. साठ गोळ्या... चुकलो, छर्रे चाळीस, मुलींना चाळीस असतात. पहिले दहा वाईट गेले. मी डोळे मिटून बसलो. सुशीला मोजत होती.

शेवटच्या दहांत अपेक्षाने उभं राहण्याची ढब बदलली. कुंच्याचा दांडा धरायची तशी. एकेका छर्र्याला इतका वेळ घेत होती की मला वाटलं घड्याळ संपेल. संपलं नाही.

संघात चौघी आणि एक राखीव. अपेक्षा राखीव.

मी तिला म्हणालो, ते तेरा दिवस हातात असते तर तू चौघींत असतीस, आणि ते मी घालवले. मला माफ कर. ती म्हणाली, "काका, रिझर्व्ह पण टीमच असते. आणि पुढच्या वर्षी पान एकवर माझं नाव नका घालू, बास." मग सुशीलाच्या गळ्यात पडली. मला रडू आलं. लिहून ठेवतो, कारण सुशीला ते सगळ्यांना सांगणारच आहे.

२५ फेब्रुवारी

सोसायटीची सर्वसाधारण सभा. विषय क्रमांक चार: गाजर. ऊन वाढल्यामुळे गाजर एका दिवसात सडतं; भावही चढलेत. टाकी बदलायला पैसे नाहीत. लाखेने भोक बंद केलं तर पाण्याला वास येतो अशी तक्रार. मग बेडेकर खाकरून म्हणाले, "गोळी होती तेव्हा गळत नव्हती, ही वस्तुस्थिती आहे." ठराव मांडला: श्री. खळदकर यांनी आपली गोळी सोसायटीस कायमस्वरूपी द्यावी. एकमताने मंजूर. इतिवृत्तात गेला.

कोंडीरामांनी गोळी परत दिली होतीच. रुमालात बांधून, सोबत गेटपास. पाटीवर पुन्हा चिकटवायचा विचार होता माझा. सरस आणूनही ठेवला होता.

सगळे गच्चीवर जमले. बेडेकरांनी गाजर काढलं. मी गोळी सुशीलाच्या हातात दिली. म्हणालो, "पहिल्यांदा ज्याने बसवली त्यानेच बसवावी." बेडेकर माझ्याकडे आणि मग तिच्याकडे पाहत राहिले.

तिने टोक भोकावर टेकवलं, अंगठ्याने दाबलं आणि दाबता दाबता गोळीला उजवीकडे पाव फेरा दिला. मी विचारलं, पीळ कशाला दिलास?

"तुम्हीच सांगताय ना लग्न झाल्यापासून," ती म्हणाली, "पीळ दिला की सरळ जाते म्हणून."

खाली वाकून दहा मिनिटं घड्याळ लावून पाहिलं. टाकी क्रमांक तीन, जुना क्रमांक दोन. गळती नाही. तपासलेली गोळी, आणि तरी शिल्लक. पास.